गोटापाला

माय, गेल्या आठवड्यात कॉलेजातून माझ्या जुन्या पुस्तकाची प्रुफं घरी आली. आपल्या वडनेरच्या शिवारातल्या झाडापाल्यावरचं तेच पुस्तक. पहिली प्रत मी तुला मोठ्या तोऱ्यात आणून दिली होती, आणि तू तिच्यावर दळणाचा डबा ठेवलास म्हणून मी दोन दिवस फुगून बसलो होतो. तू गेल्यावर मी रिटायर झालो, वर्ध्यात घर बांधलं, आणि त्यांना ते पुस्तक पुन्हा छापायचं आहे. चष्मा पुसून बसलो आणि एका शब्दावर अडलो. तो शब्द तुझा आहे. ठेवायचा की खोडायचा, एवढंच सोमवारपर्यंत कळवायचं आहे. चार दिवस झाले, माझ्याच्यानं ते होत नाही.

तुला तो ग्रीक माणूस आठवतो का? थिओफ्रास्टस. ते नाव तुझ्या तोंडात बसेना, म्हणून तू त्याला फरासबुवा करून टाकलंस. चुलीपाशी तू अंबाडीची भाजी निवडते आहेस, मी पाटावर वही घेऊन बसलो आहे, नवी नवी नोकरी, नवं नवं वाचलेलं, आणि कोणाला तरी सांगितल्याशिवाय पोटात राहत नाही. मी सांगतो, हा बुवा तेवीसशे वर्षांपूर्वी अथेन्समध्ये होऊन गेला. ॲरिस्टॉटलचा चेला. गुरूनं शाळा त्याच्या हाती सोपवली, त्यानं ती म्हातारा होईतो चालवली. दगड, वारा, आग, माणसांचे स्वभाव, दिसेल त्यावर लिहिलं. बहुतेक सगळं गेलं, पण झाडांवरची दोन मोठी पुस्तकं उरली. झाड कशाला म्हणायचं, झुडूप कशाला, रोप कशाला, ही वाटणी पहिल्यांदा त्यानं नीट मांडली, म्हणून आम्ही वनस्पतीवाले आजही त्याला आपला मूळपुरुष मानतो. तू मान खाली घालूनच विचारतेस, "कपाशीचं लिवलं का त्यानं?"

लिहिलं होतं ना! हिंदुस्थानात लोकरीची झाडं असतात, लोक ती ओळीनं लावतात आणि त्या लोकरीचं कापड विणतात. तू हातातली काडी खाली ठेवलीस.

"मंग आलता का थो इकडं?"

"नाई वं. सिकंदराबरोबर आलेल्या लोकांनी परत जाऊन सांगतलं."

"मंजे ऐकीव."

"ऐकीवच. पण जिथं ऐकीव, तिथं थो ‘लोक असं सांगतात’ असंच लिहिते."

"मंग इमानदार आहे बाप्पा," तू म्हणालीस, आणि पुन्हा भाजी निवडायला लागलीस. तेव्हा मला हसू आलं होतं. आज कळतं, त्याच्या सगळ्या ग्रंथांचं मर्म तू एका वाक्यात सांगितलं होतंस.

तुला त्याची आणखी एक गोष्ट फार आवडली होती. तो लाकूडतोड्यांना विचारी, मुळ्या खणून विकणाऱ्यांना विचारी. ते सांगत, अमुक मुळी काढायची तर आधी तिच्याभोवती तलवारीनं तीन रिंगणं काढा, मग एकानं भोवती नाचायचं. बुवाचा त्यावर विश्वास नव्हता, तरी त्यानं ते लिहून ठेवलं. तू म्हणालीस, "नाचाचं काही खरं नाई, पन आवतन तं द्याच लागते." तू स्वतः औषधी मुळी काढायच्या आदल्या दिवशी हळदकुंकू वाहून झाडाला आमंत्रण देऊन येत होतीस. मी तेही लिहून घेतलं. दोन उन्हाळे मी तुझ्यामागं धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधानं फिरलो. तुला उन्हाचं भान नसायचं, मला मात्र सारखं पाणी लागायचं, आणि तू म्हणायचीस, "मास्तर होऊन नाजूक झाला तू."

आता तो शब्द. एकदा माझ्या पायाला विळा लागला. तू बांधावरचा पाला चुरगाळून त्यावर दाबलास. मी विचारलं, कशाचा? तू म्हणालीस, "गोटापाला होय." पुस्तकात त्याला दगडीपाला म्हणतात, हे मला माहीत होतं. आपल्याकडे दगडाला गोटाच म्हणतात, तेव्हा वऱ्हाडीत याचं वेगळं नाव आहे, या आनंदात मी विळ्याची जखम विसरलो. स्थानिक नाव, गोटापाला. छापलं. मग कोणी माझ्या पुस्तकावरून प्रबंधात उतरवलं, कोणी शाळेच्या तक्त्यात. आता मोबाइलवर शोधलं तरी ते नाव सापडतं.

चार दिवसांपूर्वी प्रुफं घेऊन मी वडनेरला गेलो होतो, म्हटलं नावं एकदा पडताळून घ्यावी. शेजारच्या काकूला तो पाला दाखवला. ती म्हणाली, दगडीपाला. मी म्हटलं, गोटापाला नाही म्हणत का? म्हातारी हसून हसून खोकायला लागली. "का रे बाबू, थे तं तुही मायच म्हने. तिच्या आजेसासऱ्याचं नाव दगडूजी नोतं का? दगड म्हनाची सोयच नोती तिले."

मीही हसलो. एसटीत बसल्यावर मात्र हसू थांबलं. शास्त्र म्हणून पाहिलं तर ही चूक आहे. हे नाव अख्ख्या जिल्ह्यात एका बाईच्या तोंडी होतं, आणि मी ते साऱ्या गावाच्या नावावर खपवलं. खोडायलाच हवं. पण खोडलं तर त्या पुस्तकात तुझं काय उरतं? आभारात मार्गदर्शक आहेत, प्राचार्य आहेत, ग्रंथालयाचा शिपाईसुद्धा आहे. तू कुठंच नाहीस. नावांच्या यादीखाली मी लिहिलंय, माहिती स्थानिक स्त्रियांकडून. एकट्या तुझं मी अनेकवचन केलं. फरासबुवा निदान अमक्या डोंगरातले लोक असं म्हणतात, तमके तसं म्हणतात, हे तरी सांगायचा. मला आईचं नाव छापायची लाज वाटली, माय. तेव्हा कारण वेगळं सांगितलं असतं, पण खरं कारण तेच होतं.

आज सकाळी ठरवलं, शब्द ठेवायचा आणि खाली टीप द्यायची. हे नाव एका बाईचं, तिला थोरांचं नाव घेता येत नव्हतं म्हणून तिनं ते घडवलं, आणि या पुस्तकातली बहुतेक नावं तिनंच सांगितली. इथवर झरझर लिहिलं. पुढं तुझं नाव लिहायचं होतं. रेशन कार्डावरचं लिहिलं आणि हात थांबला. ते तर लग्नात तांदळात लिहून दिलेलं, सासरचं. थिओफ्रास्टस हेही दिलेलंच नाव, त्याचं बोलणं आवडलं म्हणून गुरूनं ठेवलेलं. आईबापांनी ठेवलेलं तिर्तामस होतं, ते आजही कुठल्याही पुस्तकात मिळतं. तळेगावची मावशी अजून आहे, तिला फोन करता येईल. पण ती म्हणेल, काऊन रे, आता आठवली? म्हणून केला नाही. बांधावरच्या पाल्यापाचोळ्याचं नाव मी तुला विचारलं, माय. तुझं माहेरचं नाव काय होतं, ते मला माहीत नाही.