करपण्याच्या अलीकडचा कांदा

मावशी, आधी तक्रार, कारण तिच्याशिवाय मला कुठलंच पत्र सुरू करता येत नाही. या देशात गाडीतून न उतरता बँकेचं काम होतं, औषध मिळतं, म्हणे लग्नसुद्धा लागतं. पण कांदा परतताना गप्प बसेल असा धुराचा अलार्म इथे कुणालाही बनवता आलेला नाही. एडिसन गावातल्या त्या अपार्टमेंटमध्ये मी तेल तापवलं, की छतावरची ती पांढरी बशी किंचाळायला लागायची. २००१च्या उन्हाळ्यात अशाच एका किंचाळीला तुम्ही वरच्या मजल्यावरून टॉवेल घेऊन आलात, अलार्मला वारा घातलात आणि माझ्या पातेल्यात डोकावून म्हणालात, "एवढा आरडाओरडा, आणि कांदा अजून कच्चाच?"

मावशी म्हणजे काय ते मी सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, आमच्या लेबनॉनमध्ये खालतो म्हणतात, नातं तेच. मला मात्र तुम्ही 'इंजिनिअर' म्हणायचात, तेही जरा कीव केल्यासारखं. दर शनिवारी मी तुमच्या ओट्याशी हजर. मुजद्दरा: अख्खा मसूर, तांदूळ आणि ऑलिव्ह तेलात तळलेला ढीगभर कांदा, बस. पहिल्याच दिवशी तुमची पाठ वळताच मी त्यावर मोहरी-हिंगाची फोडणी ओतली. तुम्ही एक घास खाऊन चमचा खाली ठेवलात. "इंजिनिअर, दुसऱ्याकडे जेवायला गेलास की त्यांच्या भिंती रंगवून देतोस का?" कांदा गुलाबी झाला की मी गॅसकडे धावायचो आणि तुम्ही माझं मनगट धरायचात. "थांब. अजून नाही." करपण्याच्या जरा अलीकडे उतरवायचा, आणि ते 'जरा' फक्त तुम्हाला दिसायचं.

मग तो अकरा सप्टेंबर आला. पुढच्या महिन्यातल्या एका शनिवारी आपण दुकानातून परतलो. पार्किंगमध्ये खालच्या मजल्यावरचा शेजारी ट्रकला झेंडा बांधतोय. तुम्ही मोबाइलवर मुलाशी अरबीत बोलत पुढे निघालात. शेजाऱ्याने मला थांबवून विचारलं, "ती बाई कोण? तुझ्याबरोबर आहे?" मी म्हणालो, "नाही. मी इंडियन आहे, हिंदू. मी त्यांना ओळखत नाही." माझ्या दोन्ही हातांत तुमच्याच पिशव्या होत्या. तुम्ही फोन बंद केलात, मागे वळला नाहीत, आणि मी आत येईपर्यंत जिन्याचं दार धरून उभ्या राहिलात.

वर तुम्ही मसूर शिजत लावला, मी कांदा उभा चिरला. तेल तापलं, मी कांदा सोडला. कांदा सोनेरी झाला. तो उतरवायच्या आत बोलायचं, असं मी ठरवलं होतं. "मावशी," मी म्हणालो. "हलवत राहा." तपकिरी झाला. "मावशी, खाली मी जे..." "आता काढ." मी काढला. तुम्ही माझं ताट वाढलंत. स्वतः जेवला नाहीत. नवीन वर्षात मुलगा तुम्हाला मिशिगनला घेऊन गेला, आणि तिसऱ्या वर्षी तुम्ही गेल्याचा त्याचा फोन आला.

आमच्या महाराष्ट्र मंडळात पॉटलक असतं, प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा. प्रत्येक पदार्थापुढे कार्ड ठेवायचं: काय, आणि कुणाकडून. सहा वर्षं मी तुमचा मुजद्दरा नेला आणि लिहिलं, 'मसूर खिचडी, आईची रेसिपी'. माझ्या आईने जन्मात मसुराची खिचडी केलेली नाही. लोक म्हणायचे, "काय हात आहे हो तुमच्या आईचा," आणि मी आईच्या वतीने लाजायचो. नावामागोमाग प्रश्न येतील याची मला धास्ती होती, आणि प्रश्न आला की मी काय उत्तर देतो हे मला माहीत होतं.

परवाच्या रविवारी मी कार्डावर 'मुजद्दरा' लिहिलं आणि खाली तुमचं नाव, आडनावासकट. टेबल लावणाऱ्या काकूंनी चष्मा वर करून वाचलं.

"ह्या कोण? आपल्यातल्या नाहीत वाटतं."

"नाहीत."

"मग? तुम्ही ओळखता?"

"ओळखतो. त्यांनीच शिकवलंय मला."

"बरं," म्हणत काकूंनी कार्ड सरळ केलं आणि त्या कागदी प्लेट्स आणायला गेल्या.

तुमच्या मुलाचा पत्ता माझ्याकडे आहे. हे मराठीऐवजी इंग्रजीत लिहिलं असतं, तर त्याला पाठवावं लागलं असतं.