माझी सायकल मीच निवडणार

१४ सप्टेंबर, रविवार
ठरलं एकदाचं. सायकल घ्यायची. आधी शिकायची, मग तिच्यावरून कामोठ्याला क्लास घ्यायला जायचं. वय सत्तेचाळीस, वजन एकशे चार, सायकल येत नाही. दिलेली माहिती एवढीच. दहावीच्या पोरांना रोज सांगते, माहिती नीट लिहा, अर्धं गणित तिथेच सुटतं.

नवऱ्याला चहा देताना सांगितलं. विलास आधी हसला, मग मी हसत नाहीये बघून थांबला. "बरं, मी बघतो एखादी चांगली." हेच ते! माझा मोबाइल ह्याने बघितला, चष्म्याची फ्रेम ह्याने, चपलासुद्धा हाच आणतो आणि मापात बसल्या की छाती फुगवतो. प्रेमाने करतो, कळतं मला. पण या वेळी स्पष्ट बोलले, "सायकल मी निवडणार. तू मध्ये पडायचं नाहीस." "बरं बाई," म्हणाला.

सासूबाई आतून: "शुबदे, या वयान सायकल? डोस्क्यावर पडलीस का काय?"
म्हटलं, अजून नाही आई, शिकताना पडेन.

१८ सप्टें., गुरु.
गावातल्या दुकानात जाऊन आले. वि. 'सहज' बरोबर आला. दुकानदार सगळा वेळ त्याच्याशीच बोलत होता. "मॅडमसाठी ना साहेब? लेडीज दाखवतो, बास्केटवाली." मी विचारलं, हिला वजन किती झेपतं? तर उत्तर वि.ला: "तसं काय नसतं साहेब, सगळं चालतं."

"एकशे चार किलो चालतं का?" जरा मोठ्यानेच विचारलं. पंक्चर काढायला आलेले एक गृहस्थ छताकडे बघायला लागले. वि.चे कान लाल. वजन माझं, लाज ह्याला.

बाहेर आल्यावर: "एवढं ओरडून सांगायची काय गरज होती?"
"मग सायकलीला कसं कळणार?"
हसला शेवटी. त्याला हसवणं मला अजून जमतं.

२१ सप्टें., रवि.
आज खारघर. एकटीच गेले. बरं झालं, बोलायला दुसरं कोणी नसल्यामुळे दुकानदाराला माझ्याशीच बोलावं लागलं.

आठवडाभर वाचून, व्हिडिओ बघून जे जमवलं होतं ते ताडून घेतलं. फ्रेम स्टीलची. टायर जाड. मागच्या चाकाला स्पोक जास्त, रिम दुहेरी भिंतीची, कारण बसणाऱ्याचं ओझं मागच्या चाकावर येतं. पुढे स्प्रिंगवाला शॉकप नको. आपण जीव तोडून पेडल मारायचं आणि ते खाली-वर होऊन निम्मा जोर गिळणार, कशाला? सीट रुंद हवी, पण सोफा नको, मांड्या घासतात. आणि दांडी पाहिजेच. दांडी असली की फ्रेम लचकत नाही. पाय वर टाकावा लागतो, तो टाकू.

एक करड्या रंगाची मनात भरली. वजनाची मर्यादा माझ्यापेक्षा बरीच वर, लिहून दिलेली. माझ्या उंचीच्या मापाची शिल्लक नव्हती. दसऱ्यानंतर येईल म्हणाले. नाव लिहून आले.

संध्याकाळी वि.ला सगळं सांगितलं, अगदी स्पोकपर्यंत. तो मॅच बघत होता. "हं... हं..."
"ऐकलंस का?"
"ऐकलं गं."

२ ऑक्टो., दसरा
काय लिहू!

सकाळी खालून हाका. "वहिनी, लवकर या!" गेले तर अर्धी सोसायटी पार्किंगमध्ये. मध्ये जांभळी सायकल. बास्केट, घंटी, झेंडूचा हार. त्याच गावातल्या दुकानातली. शेजारी वि., नवा शर्ट, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. आईंनी हँडलला हळद-कुंकू लावलेलं, स्वस्तिक काढलेलं, नारळ फोडून झालेला. दोन्ही चाकांखाली लिंबं.

"बस बस! लिंबावरून घे!"

एवढ्या लोकांत काय बोलणार? बसले. वि.ने मागून धरली. पुढचं लिंबू फुटलं, टाळ्या. मागच्यावर चाक चढलं आणि खालून कट्, कट् आवाज. स्पोक तुटले. चाक आऊट होऊन मडगार्डला घासायला लागलं. कोणालाही हसायला वेळ मिळायच्या आत मीच हसले, खूप मोठ्याने. मग सगळे हसले. आपट्याची पानं वाटली, सोनं घ्या सोन्यासारखे राहा, सगळं यथासांग.

घरात आल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. वजनासाठी नाही. मी इतकं सांगितलं होतं.

३ ऑक्टो.
परत द्यायला गेलो. दुकानदार हार बघूनच मागे सरला. "पूजा झालेली दिसते साहेब. कुंकू लागलेली मी परत कशी घेऊ? उद्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगू?" स्पोक फुकट बदलून देतो म्हणाला. मला पटलं, काय करता! आम्हीसुद्धा दुसऱ्याची पुजलेली घेतली नसती.

घरी आईंचं वेगळंच. "पुजलेली गारी परत देत नाय कोनी. लक्षुमी हाय ती."

मग भांडण झालं. मोठं. वि. म्हणाला, पंधरा दिवस मनात घेऊन फिरलो, तुझा चेहरा बघायचा होता. म्हटलं, चेहरा बघायचा होता, पण तोंडातून काय निघतंय ते ऐकायचं नव्हतं? "मी सांगितलं होतं रे सगळं. तू मला विचारलं नाहीस. कधीच विचारत नाहीस. आणून ठेवतोस." तर म्हणे, ती दांडीवाली उंच आहे, पडलीस तर? ही बुटकी, पाय टेकतात. "तुला पडलेली नाही बघवणार मला." त्याच्या कंटेनर यार्डात दिवसभर सेफ्टी, सेफ्टी, हेल्मेट घाला, लांब उभे राहा. घरी आला तरी तेच.

मला वाईट वाटलं. पण मागे हटले नाही. आज हटले तर पुढची चप्पलसुद्धा तोच आणणार.

६ ऑक्टो.
अबोला. तो पाणी मागताना आईंना मागतो, मी भाजी वाढताना आईंना विचारते, "त्यांना हवी का?" आई वैतागल्या. "मी काय तुमचा फोन हाय?"

जांभळी खाली उभी. हार सुकला. काढायला कोणाचा हात होत नाही.

११ ऑक्टो., शनि.
खारघरहून फोन आला, गेले, घेतली. क्लासच्या पैशांतून. वि.ला 'येतोस का' विचारलं होतं. "तुझी आहे, तू जा." टेम्पोतून आणली. वरून खिडकीतून बघत होता, मी वर बघितल्यावर पडदा हलला.

हिची पूजा वगैरे काही नाही, असं ठरवून आले होते. तर आई गुडघे धरत जिना उतरून खाली, हातात ताट. "तिची केली नि हिची नको? हिनं काय पाप केलंय?" कुंकू लावलं, लिंबं ठेवली. चालवता येत नाही म्हणून मी नुसती बसून पायांनी रेटत नेली. दोन्ही लिंबं सपाट. चाक तसूभर वाकलं नाही. आईंनी टायर दाबून बघितला, म्हणाल्या, "ही तुज्या तोलाची हाय." मी त्यांना तिथेच मिठी मारली. "सोर, सोर," म्हणत होत्या.

१५ ऑक्टो.
रोज सकाळी मैदानामागच्या रस्त्यावर. पेडल काढून टाकलेत, सीट अगदी खाली. पायांनी ढकलायचं, मग दोन्ही पाय उचलून तोल धरायचा. फिरायला येणारी मंडळी बघतात. बघू देत. एक आजोबा रोज थांबून, "वजन कमी करायला का?" आज सांगितलं, "नाही काका, क्लासला जायला." ते जरा हिरमुसले.

हात लावायच्या आधीच सायकल वळते तिकडे, जिकडे आपण बघतो. खड्ड्याकडे बघितलं की खड्ड्यातच. आज दोनदा.

१९ ऑक्टो., रवि.
पेडल लावले. आणि पडले. कोपर सोललं, बाकी काही नाही. सायकलीला ओरखडा, त्याचं जास्त वाईट वाटलं.

वर बघते तर वि.! झाडामागून पळत आला. म्हणजे रोज येत होता. "बघ! सांगत होतो की नाही!" कोपरावर पाणी ओतलं, पुसलं. मग म्हणाला, चल, मी धरतो. नको म्हटलं तरी धरली. त्याने मागून धरली की मी त्याच्या बाजूला कलते, तो आणखी घट्ट धरतो, मी आणखी कलते. तीनही वेळा तेच. स्वतःहून जेवढी जात होते तेवढीही जाईना. पोरांना प्रत्येक पायरी फळ्यावर सांगितली की परीक्षेत त्यांचं असंच होतं.

"सोड विलास."
"पडशील."
"पडू दे ना."
सोडली नाही.

२२ ऑक्टो., पाडवा
अभ्यंगस्नान, फराळ, सगळं झालं. त्याला पाटावर बसवून ओवाळलं. अबोला संपलाय, पण बोलणं मीठ कमी पडल्यासारखं. ओवाळणी टाकायच्या वेळी त्यानेच विचारलं, "काय देऊ? काही आणलं नाही या वेळी मुद्दाम."

मी म्हणाले, "उद्यापासून रस्त्यावर येऊ नकोस. झाडामागेसुद्धा नाही. मी शिकले, पडले, काय झालं, ते मी सांगेन तेव्हा ऐक."

निरांजनाची वात उगाच सारली त्याने. चेहरा एवढासा झाला. मला वाटलं, फार मागितलं का आपण? वर्षाचा सण, आणि नवऱ्याकडे मागायचं काय, तर तू येऊ नकोस. पण शब्द मागे घेतले नाहीत.

"दिलं," म्हणाला.

आई ताटात वाकून: "काय दिलंस रं? ताटान तं काय दिसत नाय."

२६ ऑक्टो., रवि.
गेली! पार टोकापर्यंत! पाय न टेकता! मोठ्याने ओरडले, कुत्री भुंकायला लागली. वळवता आली नाही, उतरून फिरवली, पुन्हा इकडच्या टोकापर्यंत. एकशे चार किलो आणि खाली एक कुरकुर नाही. निवड बरोबर होती माझी, एकशे एक टक्के.

मागे वळून बघितलं. झाडामागे कोणी नव्हतं. पलीकडे जाऊनसुद्धा बघून आले. शब्द पाळला गाढवाने. इतका राग आला मला त्याचा.

घरी आले, पेपर वाचत होता. मी बूट काढले, पाणी प्यायले, भांडं जरा आपटून ठेवलं. पेपर खाली आला नाही. शेवटी मीच, "गेली टोकापर्यंत." पेपरामागून, "अरे वा." बस्स. मला ओरडायचं होतं, उठ ना मेल्या, नाच!

२ नोव्हें., रवि.
वळण जमतं आता. उजवं सहज, डावं घाबरत. ब्रेक दोन्ही एकदम दाबायचे, नुसता पुढचा नाही. हवा आठवड्याला भरायची, आपल्याकडे ओझं जास्त, हवा कमी चालत नाही. गर्दीतही गेले, भाजी मार्केटच्या मागून. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, साइड." साइड दिली नाही. माझीच बाजू होती.

जांभळीचे स्पोक बदलून आणलेत. आईंनी आज तिचा हार काढला आणि वि.ला कोथिंबीर आणायला पिटाळलं तिच्यावरून. "लेडीज आहे आई ती." "बाप्यानं चालवली तं झिजंल काय?" गेला. पुढे बास्केट, त्यात पिशवी. गेटपर्यंत मान खाली, गेटबाहेर घंटी वाजवलेली ऐकली मी.

९ नोव्हें., रवि.
उद्या कामोठे. ठरवलंय. खांदा कॉलनीतून पुढे, हायवे ओलांडून. पुलाखालचं वळण वाईट आहे, डंपर असतात. दुसरा रस्ता लांबचा, पण शांत. सकाळची बॅच असल्यामुळे लवकर निघावं लागेल. भीती वाटते का? वाटते. पण जाणार.

वि.ला अजून सांगितलं नव्हतं. आई भाजी निवडताना हळूच: "तू गेलीस की रोज चपला घालतो नि कारतो, घालतो नि कारतो. काय सांगितलंस त्याला?" म्हणजे पंधरा दिवस हेच चाललंय. मी रस्त्यावर असते तेवढा वेळ हा दारात. आणि मी समजत होते, ह्याला काही वाटतच नाही.

जेवताना सांगितलं. "उद्या क्लासला सायकलने जाणार."

घास हातात थांबला. त्याच्या तोंडावर सगळं आलेलं दिसत होतं मला: पूल, डंपर, हेल्मेट, मी सोडतो, मी मागून येतो. एवढी वर्षं बघतेय, ओळखते मी ते तोंड. पाणी प्यायला. ग्लास खाली ठेवला.

"कुठल्या रस्त्याने जाणारेस?"

विचारलं त्याने. मला विचारलं.

डोळे भरून आले, आमटी तिखट झाली म्हटलं. आई म्हणाल्या, नाय, बराबर हाय.

"दोन रस्ते आहेत," मी सांगितलं. "अजून ठरवते आहे."
"बरं," म्हणाला, आणि भात कालवायला लागला.