पाच विटांची ट्राम

३ नोव्हेंबर, सकाळी
ठरवलं. उद्या गडचिरोलीले वच्छलाकडे एकटीच जाणार, दर मंगळवारी जाते तशी. दोघी बहिणी एका पानाचे दोन तुकडे करतो अन् सुनांच्या तक्रारी करतो. निकेश म्हणते, आई, आता बसनं एकटी जाऊ नको. पोराचं वय झालं, भितरा झाला. माझे गुडघे फर्स्टक्लास. बसच्या दारात कंडक्टर पोचू हात देते, तो मान म्हणून.
मी सांगते अन् शेजारची सून रंजीता लिहिते. कोणाले सांगणार नाई म्हणून शपथ घेतली तिनं. तरी लक्ष ठेवणार.

५ नोव्हेंबर
निकेशची पोरगी दीपिका चंद्रपूरच्या कॉलेजातून आली. ट्रामचा प्रोजेक्ट म्हणे. ट्राम म्हणजे रस्त्यातल्या रुळावर चालते ते गाडी. चंद्रपुरात ट्राम नाई, आपल्या सावली गावात नाई. मंग अंगणात बांबूचं दार उभं करून, खाली विटा रचून, आजी किती उंच चढते हे काऊन मोजून राह्यली? बापानं सांगितलं असन. मी चढली नाई की माझी बस बंद.

त्याच दिवशी, दुपारी
दोन विटा सहज. तिसरीले गुडघा कटकन बोलला. विटाच ओल्या होत्या.

६ नोव्हेंबर
आज टायरवर फळी, फळीवर मी, माझ्या हातात पाण्याचा गडवा. दीपिका फळी हलवते अन् किती पाणी सांडलं ते पाहते. त्यावरून गाडीचे धक्के किती लागतात ते समजते म्हणे. मी अर्धा गडवा आधीच पिऊन टाकला. एक थेंब सांडला नाई. लिहून घेतलं तिनं.

७ नोव्हेंबर
पाच विटा! दीपिकाले म्हटलं, पाह्य बाई, दूध उतू चाललं. ती आत धावली, मी दोन्ही हातांनी बांबू धरून वर. ती आली तवा मी कमरेवर हात ठेवून उभी. तिनं लिहिलं, पाच विटा, आधार नाई. निकेशचं तोंड पाहण्यासारखं झालं.
रंजीता हसून राह्यली. हे लिहू नको.

११ नोव्हेंबर
वच्छलाकडे गेली. पोचूनं आज दोन्ही हात दिले. मान वाढला.

१५ नोव्हेंबर
दीपिकाच्या कॉलेजात गेलो. फळ्यांची ट्राम उभी केली होती, दार अगदी खरं. सरांपुढं तिनं सांगितलं, माझी आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तिला पाच विटांएवढी पायरी चालते, धक्केही लागत नाहीत. म्हणून गाडी उंच ठेवली, दारातली धरायची दांडी काढली, चार माणसं जास्त मावली. सर म्हणाले, वा! आजींनीच आधी चढावं.
दार वाकडं होतं. दोन पोरींनी मले मागून उचललं. पाहुणी म्हणून.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
पोचूची ड्यूटी बदलली. नवा कंडक्टर दारात मोबाईल पाहत उभा. मी काठीनं पायरी मापली. पाच विटा, वर एक बोटही नाई. दोनदा पाय उचलला. मागची माणसं ओरडली, आजी, चढा नाईतर सरका. सरकली. बस गेली. वच्छला पान घेऊन वाट पाहत असन.
निकेश गाडी घेऊन आला. दार उघडून हात दिला. म्हटलं, तूच दीपिकाले मोजायला लावलं ना? तो म्हणाला, मले तं ट्राम म्हणजे काय तेही माहीत नाई.

संध्याकाळी
रंजीताकडून दीपिकाले फोन लावला. म्हटलं, पोरी, पाच खोड. दोन विटा लिही. दांडी लाव.
ती म्हणते, आजी, मग चार माणसं कमी मावतील.
मावू दे कमी. दांडी वच्छलासाठी पायजे.
ती विचारते, वच्छलाआजी कुठं ट्रामनं जाते?
रंजीता, वही बंद कर.