वरून वाळलेले झिंगे

माय, काल मी शेजारणीला अंगणात उभं करून झापलं. खोकला थांबला म्हणून तिनं क्षयाच्या गोळ्या मधेच सोडून दिल्या होत्या. आजूबाजूच्या बाया जमल्या, तरी माझं तोंड थांबेना. ती बिचारी मान खाली घालून म्हणाली, "काकू, एवढ्या काऊन चिडता? मले आता बरं वाटते ना." घरात आल्यावर कळलं, हे सगळं तुला बोलायचं राहून गेलं होतं. तू गेलीस तेव्हा होतीस त्याच्या दुप्पट वयाची मी झाले, तरी तुझ्यावरचा राग उतरत नाही.

तलावाच्या पाळीवर तू झिंगे वाळत घालायचीस. एकदा आभाळ भरून आलं म्हणून मी शहाणपणा केला, चटईवरचे झिंगे गोळा करून मडक्यात भरले. हाताला चांगले कडक लागत होते. तू सिंदेवाहीच्या बाजारातून मासळी विकून आलीस, मडक्यात हात घातलास आणि माझ्या पाठीत धपाटा दिलास. "वरून वाळले म्हंजे वाळले काय व? आतून वले हायत. एवढ्यानं सारं मडकं सडते." सगळे पुन्हा पसरायला लावलेस. म्हणजे तुला कळत होतं, माय. झिंग्यांचं बरोबर कळत होतं!

पुढच्याच पावसाळ्यात तू खाट धरलीस. तुझी थाळी वेगळी, खाट पडवीत, आणि मी उंबऱ्याच्या आतच थांबायचं. बाबा तुला कोणाच्या तरी बैलबंडीत घालून दवाखान्यात न्यायचे आणि सुई टोचून आणायचे. दिवाळीपर्यंत खोकला थांबला, गाल भरले. मग तू मातामायला बोललेला नवस फेडलास. कोंबडा कापला, झाडाखाली पंगत बसली. दुसऱ्या दिवसापासून तू दवाखान्याचं नाव टाकलंस.

काही दिवसांनी दवाखान्यातला कंपाउंडर सायकल मारत घरी येतो. घामाघूम झालाय. तू चुलीपुढे भाकर थापतेस आणि वळूनही बघत नाहीस. "बाई, खोकला थांबला म्हंजे दुखनं गेलं नाई," तो सांगतो. "ते आत दबून हाय. डॉक्टरसाहेबानं सुई चालूच ठेवाले सांगतलं." तू हात धुऊन उठतेस. "नवस फेडला ना भाऊ आता. देवीनं बरं केलं, अन् मी सुई टोचून घेत राह्यली, त तिले काय वाटल? म्हनल, हिचा माह्यावर भरोसा नाई." वर त्याच्या पिशवीत ओंजळभर सुके झिंगे घालतेस. पाहुणचार करून त्याला वाटेला लावलंस! बाबा दारात उभे होते, तेही बाजूला झाले. नवसापुढे कोण बोलणार?

मला याचाच संताप येतो. मातामायनं कधी म्हटलं होतं की सुई घेऊ नको? पाय चालायला लागल्यावर दवाखाना सोडायचा, हे तूच ठरवलंस आणि देवीच्या नावावर खपवलंस. धानाच्या रोवणीच्या दिवसांत खोकला परत आला, या खेपेला रक्त घेऊन. तीच सुई, तोच कंपाउंडर, पण आता औषध लागूच पडेना. डॉक्टर बाबांवर ओरडले. बाबा कोणावर ओरडणार? धान कापणीला यायच्या आधी तू गेलीस. अजून काही महिने त्या बंडीत बसली असतीस, तर काय बिघडलं असतं गं?

शेजारीण आज सकाळी आपणहून आली, दवाखान्यात निघालेय म्हणाली. मी तिला चहा दिला. तुझी गोष्ट सांगणार होते, पण सांगितली नाही, कारण सांगताना त्या हिवाळ्याबद्दलही बोलावं लागलं असतं. नवस फेडल्यावर तू खाट आत आणलीस आणि मला गोधडीत घेतलंस. पहाटे पाण्यात उतरून शिंगी मासा काटा न लागता कसा धरायचा ते माझा हात धरून शिकवलंस. तुझ्या दुखण्याआधीचं मला फारसं आठवत नाही. तुझी म्हणून माझ्याजवळ आहे ती एवढीच थंडी.

सुई चालू असती तर तेव्हाही मी उंबऱ्याच्या आतच असते. तुझ्या अंगाला पुन्हा मासळीचा वास येत होता, औषधाचा नाही. कंपाउंडर सायकल वळवून गेला तेव्हा, माय, मला फार बरं वाटलं होतं.