तिसरा उद्गार

वाशी,
ता. ११ मार्च १९८४

ती. नंदाताईस,
धाकट्या सुधीरचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

आम्ही चौघं मजेत. आई कशी आहे? तिला हे पत्र वाचून दाखव.

ताई, इथे एक लफडं झालंय. आपली मंडळी इथे अजून शाळेच्या वर्गातच भरते आणि पाळकसाहेब पंधरवड्यातून एकदा येतात. त्यामुळे उत्तम शुक्रवारी प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर आम्हीच सात जणांनी बोलायचं ठरलं. आज उपासनेनंतर चिठ्ठ्या टाकल्या, मला तिसरा आला. म्हणजे खांबावरून आपल्या आईला म्हणतो, हा तुझा मुलगा, आणि शिष्याला म्हणतो, ही तुझी आई, तो. चार माणसांत उभं राहिलं की मला घाम फुटतो. तू इतकी वर्षं रविवारची शाळा घेतेस, दहा मिनिटांचं लिहून पाठव ना. शेजारचे श्यामसुंदरराव पण ऐकायला येणारेत. विचारत होते, गुड फ्रायडेला तुमच्या देवाला मारलं ना, मग तो दिवस उत्तम कसा? मला धड सांगता येईना. तेही लिही.

आईला सांग, पाण्याचं एकदा मार्गी लागलं की तिला न्यायला येतोच.

माझ्यावर आहे तशी माया ठेव आणि भाषण लवकर धाड.

तुझा,
सुधीर

*

अहमदनगर,
ता. १८ मार्च १९८४

चि. सुधीर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसावं की कपाळ बडवावं कळेना. बाप्तिस्मा झालेला एवढा घोडा तू, आणि शेजाऱ्याला दोन वाक्यं सांगता येत नाहीत! रविवारच्या शाळेत मागे बसून गोळ्या चघळायचास, आणखी काय होणार!

श्यामसुंदररावांना सांग, देवाला माणसांचा कळवळा आला म्हणून त्यानं आपला पुत्र माणूस करून पाठवला. तो गोठ्यात जन्मला, सुताराच्या घरी वाढला. तिशीत बाहेर पडला. आजाऱ्यांना बरं केलं, ज्यांच्या पंगतीला कुणी बसेना त्यांच्यात बसून जेवला, वैऱ्यावरही प्रीती करा म्हणाला. ते मोठ्या लोकांना खपलं नाही. काही गुन्हा नसताना खांबाला खिळलं. आपण मानतो की तो आपल्या पापांसाठी मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. आपली सुटका त्या शुक्रवारी झाली, म्हणून तो उत्तम. एवढं माझ्या बालवर्गातली पोरं घडाघडा सांगतात.

तिसऱ्या उद्गाराचं मात्र मी लिहून देणार नाही. काय लिहू रे? श्वास घेता येत नव्हता, तरी त्याला आईची सोय लावायचं सुचलं. आणि त्या शिष्यानं तिला तेव्हापासून आपल्या घरी ठेवून घेतलं. त्याचं घर कितव्या मजल्यावर होतं, नळाला पाणी किती वाजता यायचं, ह्यातलं काही लिहिलेलं नाही. तुझा फ्लॅट होऊन दोन वर्षं झाली! मी दोन खोल्यांत सगळ्यांना सांभाळतेय, त्याची माझी तक्रार नाही. आई दाराशी बसून तुझी वाट बघते, ते मला बघवत नाही.

आता पुढचं ऐक. आईला पत्र वाचून दाखवलं तर बाईसाहेबांनी टाळ्याच पिटल्या. मी म्हटलं, अगं चिठ्ठ्या टाकल्या त्यांनी. तर म्हणे, चिठ्ठी काय उगाच निघते? प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी नवा प्रेषित नेमला तोही चिठ्ठ्या टाकूनच. प्रभूनं सुधीरला सांगितलंय, आईला घरी ने. तिनं ट्रंक भरली, कोंबड्या शेजारी देऊन टाकल्या आणि सगळ्या मंडळीचा निरोप घेऊन आली. मी तिला अडवणार नाही.

अरुणाला आणि मुलांना आशीर्वाद. रागावले असले तरी तुझीच,
ताई

*

वाशी,
ता. २७ मार्च १९८४

ती. ताईस सलाम. वि. वि.

तुला काही वाटतं का गं? म्हातारी ट्रंक भरते आणि तू बघत बसतेस! इथे एक बेडरूम, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पाणी पहाटे येतं तेवढंच. अरुणा ऑफिसात, मी कंपनीत, मुलं शाळेत. दिवसभर आई कुणाशी बोलणार? भिंतींशी? मी नको म्हणतच नाहीये. फक्त आत्ता नको. पावसाळ्यानंतर बघू. तू कसंही करून तिच्या डोक्यातलं काढ.

उद्गाराचं टेन्शन मी संपवलंय. तळमजल्यावरच्या हिरामणशी अदलाबदल केली. त्याची आई गेल्या साली वारली, त्याला तिसरा हवाच होता. त्याचा पाचवा मी घेतला. मला तहान लागली आहे, तो. पाण्यावर काय, वाशीचा माणूस झोपेतसुद्धा बोलेल.

राग सोड, लोभ तेवढा ठेव.

तुझा,
सुधीर

*

अहमदनगर,
ता. ५ एप्रिल १९८४

चि. सुधीर यास आशीर्वाद (अजून देतेय).

अदलाबदल केलीस? शाब्बास! प्रभूचा शब्द म्हणजे काय सदऱ्याचं माप आहे, घट्ट झालं म्हणून बदलून घेतलं? आणि हे मी तिला सांगायचं? दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा ती तुझ्या मुलांसाठी केलेल्या गोधडीला शेवटचे टाके घालत होती. माझ्याच्यानं नाही झालं. तूच सांग.

शुक्रवारच्या आदल्या दिवशी हे तिला तुमच्या दारात सोडून लगेच माघारी फिरतील. जिन्यात तिला दम लागतो. हात धर.

तुझी,
ताई

*

वाशी,
ता. २४ एप्रिल १९८४

ती. ताईस सलाम. वि. वि.

माझं डोकं फिरायची वेळ आलीय. आई पोचली, हे तुला भावजींनी सांगितलंच असेल. गुरुवारी रात्री अदलाबदलीचं सांगू म्हणून तिच्याशेजारी बसलो, पण मुलं गोधडीवर लोळत होती आणि ती हसत होती. माझी जीभ उचलली नाही.

शुक्रवारी ती पहिल्या बाकावर. दुसरा उद्गार झाला, तिनं पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघितलं. उठला हिरामण. तो आपल्या आईबद्दल बोलला, रडला, लोकांनाही रडवलं. म्हणाला, आता कुठल्याही म्हातारीला ही तुझी आई म्हणून प्रभूनं पुढे केलं, तर मी दार लावणार नाही. पुढे मी तहानेवर बोललो. आईनं मान वर केली नाही.

उपासना सुटल्यावर हिरामण तिला सलाम करायला आला. तिनं त्याचा हात धरला, तू कुठे राहतोस विचारलं, आणि सगळ्या मंडळीदेखत म्हणाली, चल मग, माझी ट्रंक तेवढी वरून आण. ताई, माणसानं नाही म्हणावं की नाही! पण एवढं बोलून बसलेला, कुठल्या तोंडानं म्हणणार? एका खोलीत बायको, चार पोरं, आणि वर माझी आई! श्यामसुंदररावांना वाटलं हा आपल्या धर्मातला रिवाजच आहे. मला म्हणाले, फार छान पद्धत आहे तुमची. सोसायटीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. अरुणा तर माझ्यावरच उखडलीय. तिला म्हणे मी कधी विचारलंच नव्हतं, आईला आणायला तिची ना कधी नव्हतीच.

रोज बोलवायला जातो. आई रागावत नाही, गोड बोलते. त्याचाच जास्त वैताग येतो.

आज हाफ डे टाकून गेलो. ती दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत होती. मी आई म्हणून हाक मारली. मागे न बघताच म्हणाली, आलास का हिरामण, हातपाय धू, चहा टाकते. मी म्हटलं, आई, मी सुधीर. तेव्हा वळली, चटई पुढे केली, बस म्हणाली. नगरला पाळकसाहेब आले की देते तसा पाण्याचा तांब्या दिला. तुझ्या घरची मंडळी बरी आहेत ना, विचारलं. ताई, माझ्या घरची!

मला राहवलं नाही. ट्रंकेला हात घातला, म्हटलं, आत्ता चल. मी पाणी खालून भरेन, गॅलरीत झोपेन, पण चल. तर म्हणाली, असं कसं उठून येऊ बाबा? ज्यानं ठेवून घेतलं, त्याला विचारायला हवं.

हिरामण सहाला सुटतो. त्याच्या दाराबाहेरच्या पायरीवर बसून हे लिहितोय. तो काय म्हणेल ह्याची मला भीती वाटतेय.

लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही. तरी असू दे.

तुझा,
सुधीर