उलटा का करायचा

५ ऑगस्ट

चि. धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू कायम वर्गात जायच्या घाईत असतेस आणि माझं शिवणयंत्र चालू असतं, म्हणून सवडीने लिहिते. ठमी दुसऱ्या वर्षाला गेली. तिने मला नवं वेळापत्रक वाचून दाखवलं, तर सिग्नल आणि सिस्टिम या विषयापुढे तुझं नाव. तेव्हापासून हे मला चिडवताहेत की घरात मावशी, वर्गातही मावशी, पोरीला पळायला जागाच उरली नाही. मी हसते, पण धास्ती वाटते. लहानपणी तू बाहुल्यांची हजेरी घ्यायचीस आणि माझी बाहुली उशिरा आली म्हणून तिला दाराबाहेर उभी करायचीस, ते मी विसरलेले नाही.

पहिलं वर्ष तुझ्याकडे राहूनच तिचं सुरळीत पार पडलं. पण ही पोर काळजीत असली की अर्धं जेवण टाकते आणि विचारलं की सगळं ठीक आहे म्हणते. तिच्या ताटाकडे लक्ष असू दे. हा विषय असतो तरी काय, तेही मला समजेल असं कळव. दुकानात बायका विचारतात आणि मी नुसती मान डोलावते.

गुडघा कसा आहे? तीन मजले एका दमात चढू नकोस.

माझी माया आहेच, तुझीही कमी होऊ देऊ नकोस.
ताई


२४ ऑगस्ट

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

बाहुलीचा खटला तू अजून चालवते आहेस तर. ती उशिरा आली होती, यावर मी ठाम आहे.

ठमी माझ्या वर्गात असणार हे मी विभागप्रमुखांना आधीच सांगितलं. तिचे पेपर दुसरे एक प्राध्यापक तपासतील असं ठरलंय. वर्गात ती मला मॅडम म्हणते आणि खांबाआड बसते. मला तिचं फक्त कोपर दिसतं.

विषय विचारलास. वेळेबरोबर जे बदलतं तो सिग्नल, जसा आवाज. तो आत घेऊन त्याचं काहीतरी करून बाहेर देते ती सिस्टिम. रिकाम्या खोलीत एक टाळी वाजव. टाळी तेव्हाच संपते, पण खोली तिला घोळवत राहते आणि आवाज हळूहळू विरतो. दोन टाळ्या वाजवल्यास तर दोन्हींचे आवाज नुसते एकमेकांत मिसळतात. म्हणून एका टाळीचं ती खोली काय करते हे नेमकं कळलं, की तिथे अख्खं गाणं कसं ऐकू येईल ते कागदावर काढता येतं. त्या रीतीला कन्व्होल्यूशन म्हणतात. मुलं इथेच अडतात. पुढचा सगळा विषय त्यावर उभा आहे, म्हणून मी इथे कुणाला सूट देत नाही. दरवर्षी निम्मा वर्ग गळतो. विभागात माझा दबदबा आहे तो त्यामुळेच.

ठमी जेवते. पण या विषयाबद्दल घरी ब्र काढत नाही. काल विचारलं, कळतंय का. कळतंय म्हणाली आणि भांडी घासायला उठली. भांडी घासून झालेली होती. तेव्हापासून मला चैन नाही.

भावोजींना नमस्कार. माझ्यावर आहे तसाच जीव असू दे.
धाकटी


२० सप्टेंबर

ती. आईस,
शि. सा. न.

हे पत्र बाबांना दाखव, पण मावशीला यातलं काही कळवू नकोस.

सिग्नलच्या मधल्या परीक्षेत मी नापास झाले. मला तो विषय कळत नाही. वर्गात बहुतेकांना कळत नाही, पण बाकीचे एकमेकांना विचारतात तरी. मी मावशीची भाची आहे हे समजल्यापासून मी जवळ गेले की बोलणं थांबतं. त्यांना वाटतं, पेपर मला आधीच ठाऊक असतो. प्रयोगशाळेत गट पडले तेव्हा मी एकटी उरले. तिथल्या सरांनी मला एका गटात घातलं, तर यंत्राच्या पडद्यावर सिग्नलची रेघ नाचत होती आणि मला कुणी बटणाला हातही लावू दिला नाही. मावशीला सगळे चाळणी म्हणतात. माझ्यासमोर म्हणतात आणि मग माझ्या तोंडाकडे बघतात. मी हसते. घरी येऊन तिच्या हातचं जेवताना तिच्याकडे बघवत नाही.

एकदा मी घरी विचारून बघितलं. मावशीने वर्गातलंच पुन्हा सांगितलं, फक्त जास्त भरभर. ती वाईट नाही गं. तिला ते इतकं सोपं वाटतं की समोरचा कुठे अडलाय ते तिला दिसतच नाही. शेवटी तिने विचारलं, कळलं का, आणि मी हो म्हटलं. तिचा चेहरा इतका खुलला की नाही म्हणवेना.

दोन सिग्नल घ्यायचे, एक उलटा करायचा, दुसऱ्यावरून सरकवत न्यायचा, गुणायचं, बेरीज करायची. हे मी डोळे मिटून करते. पण उलटा का करायचा ते मला माहीत नाही, त्यामुळे गणित जरा वेगळं आलं की मी बुडते. मला वसतिगृहात जावंसं वाटतं. तिला कुठल्या तोंडाने सांगू?

काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण तू करणारच. निदान रागवू नकोस.
तुझी ठमी


२८ सप्टेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

लिहू नको असं मला बजावलं आहे, पण गप्प बसवत नाही. पोर नापास झाली आणि तू मला चार ओळी कळवल्या नाहीस. तुझ्याच वर्गात ती एकटी पडली आहे, ते खांबाआडून तुला दिसलं नाही? मुलं तुला चाळणी म्हणतात, ठाऊक आहे का? एवढी शिकलेली तू, आणि घरातल्या एका पोरीला तुझं बोलणं कळत नाही.

एक मागते. शेवटच्या परीक्षेत तिला सांभाळून घे. पेपर दुसरे तपासत असले तरी तुझा शब्द ते मोडणार नाहीत. जरा हात सैल सोडा एवढंच सांग. हे म्हणाले, असलं काही लिहू नकोस. तरी लिहिते. तिचं अक्षर इतकं बारीक झालंय की चष्मा लावूनही मला धड वाचता येत नाही. तुला मूल नाही, तुला हे कसं सांगू.

ताई


६ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न.

तुझी शेवटची ओळ मी बाजूला ठेवते. आत्ता दुसरीच काळजी आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवताना ठमीला सरळ विचारलं की मला चाळणी म्हणतात का. तिने हातातला घास खाली ठेवला. मी आवाज चढवला नाही, पण तिने तुला सांगितलं आणि मला नाही, हे बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी वर्गावरून परतले तर तिचं कपाट रिकामं. वसतिगृहात जाते, एवढा निरोप फोनवर. मी तिथे गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, या नावाची मुलगीच नाही. फोन ती उचलत नाही. सुखरूप आहे असं एकदा कळवलं आणि मग काही नाही. आज ती वर्गातही नव्हती. मी फळ्याकडे तोंड करून तास संपवला. तुला काही कळलं असेल तर लगेच सांग, माझा जीव टांगणीला लागलाय.

पेपरबाबत मी शब्द टाकणार नाही. ताई, ते मला जमायचं नाही. आणि चाळणी हे नाव मला ठाऊक होतं. मला ते कौतुक वाटायचं.

रागावलीस तरी तुटू नकोस.
धाकटी


९ ऑक्टोबर

ती. मावशीस,
शि. सा. न.

मी प्रयोगशाळेच्या गटातल्या एका मुलीच्या खोलीवर आहे. वसतिगृहात सोमवारी जागा मिळेल. बॅग घेऊन तिच्या दाराशी उभी राहिले तेव्हा तिने आत घ्यायच्या आधी विचारलं की मला किती गुण पडले. मी नापास झाले म्हटल्यावर ती माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलली.

आईने जे मागितलं ते तिने मला फोनवर सांगितलं. मला फार लाज वाटली. मी असलं काही मागितलं नव्हतं, एवढं खरं मान.

मी रागाने गेले नाही. तुझ्या घरात मला नापास होता येत नव्हतं. तू कढईत ढवळता ढवळता वळून बघायचीस आणि मला वाटायचं, आता विचारणार, कळलं का.

जे तोंडाने विचारता आलं नाही ते लिहून विचारते. कन्व्होल्यूशनमध्ये एक सिग्नल उलटा का करायचा? कसा ते नको, का ते सांग. हा प्रश्न बावळट असेल तर तसं कळव, पण उत्तरही कळव.

माझ्यावरचं मन उतरू देऊ नकोस.
ठमी


१८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ठमी वसतिगृहात रुळली हे तुला कळलंच असेल. मला ती वर्गात दिसते. खांबाआडून एक बाक पुढे आली आहे.

तिने मला एक प्रश्न लिहून पाठवला. उत्तर लिहायला बसले आणि चिन्हांशिवाय एक ओळ पुढे सरकेना. चिन्हं तर तिच्याकडे आहेतच. इतकी वर्षं मी हे शिकवते आणि हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी असं धरून चालले होते की त्याचं उत्तर सगळ्यांना कळलंय. दुसऱ्या दिवशी वर्गाला विचारलं, उलटा का करायचा. एक हात वर नाही.

मग सगळ्यांना मागच्या जिन्यात नेलं. तिथे आवाज घुमतो. एकाने टाळी वाजवली, जराशाने दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. पहिल्या वेळी नुसताच हशा झाला आणि खालच्या कार्यालयातून कारकून ओरडत वर आले. दुसऱ्या वेळी मी विचारलं की आत्ता, या घटकेला कानावर काय येतंय. वर्गात खांबाजवळ बसणाऱ्या एका मुलाने सांगितलं की शेवटच्या टाळीची सुरुवात ऐकू येते आणि पहिल्या टाळीचं शेपूट. मी म्हटलं, बस, एवढंच. जी आधी आली ती विरण्यात सर्वात पुढे गेलेली असते, जी आत्ता आली ती सुरुवातीलाच असते. म्हणून क्रम आपोआप उलटा लागतो. आपण काही उलटं करत नाही, ते तसंच असतं. काहींच्या चेहऱ्यांवर ते कळल्याचं दिसलं. सगळ्यांच्या नाही. ठमी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती, तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही.

मी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली आहे. शेवटचं प्रकरण घाईत होणार. विभागप्रमुख नाराज आहेत, पुढच्या सत्रात एक तुकडी दुसऱ्या सरांना देणार म्हणाले. परीक्षा तोंडावर आली आणि आपण हे फार उशिरा केलं असं मला सतत वाटतं.

दोन ओळी तरी लिही. तुझ्या अक्षराची सवय आहे मला.
धाकटी


२ डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मूल नाही असं मी लिहिलं, ते मागे घेते. पोर सापडत नव्हती तेव्हा तू तिला शोधत वसतिगृहापर्यंत गेलीस आणि मी इथे बसून फोनकडे बघत होते.

उद्या तिची परीक्षा. सकाळपासून माझं लक्ष नाही. एका गिऱ्हाइकाच्या झग्याला दोन्ही बाह्या डाव्या लावून बसले, आता उसवते आहे. हे म्हणतात, पोरीपेक्षा तुलाच पेपर लिहायचाय. तू पेपर तपासणाऱ्यांना काही सांगू नकोस. मी मागितलं होतं ते विसर.

मला दूर लोटू नकोस.
ताई


१२ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न.

सिग्नलमध्ये मी पुन्हा नापास झाले. बाकी सगळे विषय सुटले. आधी हे लिहून टाकते, म्हणजे तुला खाली शोधावं लागणार नाही.

अगदी थोडक्यात गेलं. काठावरच्यांना विभागाकडे अर्ज करून वाढीव गुण मागता येतात. माझ्याबरोबरच्या सगळ्यांनी केला आणि त्यांना मिळाले. मी केला नाही. मावशीचं नाव निघेल म्हणून नाही. पहिल्या दोन प्रश्नांना मी काय करतेय ते मला कळत होतं, आई, असं पहिल्यांदाच झालं. तिसऱ्यापासून मी पुन्हा डोळे मिटून सोडवत गेले. ते तसंच पुढे ढकलून तिसऱ्या वर्षाला जायची मला भीती वाटते. नापास व्हायच्या भीतीपेक्षा ही मोठी आहे.

मावशी भेटली नाही. ती मला टाळते की मी तिला, ते सांगता येत नाही. विषय पुन्हा घ्यायचा आहे. दोन तुकड्या आहेत, एक मावशीकडे, दुसरी नव्या सरांकडे. नवे सर सगळ्यांना पास करतात म्हणे.

बाबांना तू सांग, माझ्याने होणार नाही. दोघंही मला जवळची माना.
ठमी


३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज नव्या सत्राचा पहिला तास झाला. बहुतेक मुलं नव्या सरांकडे गेली, माझ्याकडे थोडीच उरली. वर्गात शिरले तर ठमी खिडकीजवळ बसलेली. तिने ही तुकडी घेतलीय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तू सांगितलं नाहीस की तुलाही माहीत नव्हतं?

निकाल लागल्यापासून मी तिला एकदाही भेटले नव्हते. फळ्यावर पहिली व्याख्या लिहिली, समजावली आणि सवयीने विचारलं, कळलं का. नेहमीसारख्या सगळ्यांच्या माना हलल्या. ठमीने हात वर केला. उभी राहिली आणि नाही म्हणाली. मॅडम, नाही कळलं.

मी दुसऱ्या रीतीने सांगितलं. ती पुन्हा नाही म्हणाली. मला राग आला, ताई, खोटं कशाला बोलू, आणि त्याच्याखाली भीतीही वाटली, की मला हे सांगताच येणार नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. मग तिच्या शेजाऱ्याने. तास संपला तेव्हा आम्ही पहिल्याच पानावर होतो.

भावोजींना नमस्कार. आम्हा दोघींनाही सांभाळून घे.
धाकटी