थाळ्याखालचा उजेड

अप्पा, तुम्ही खरं कारंजं कधी पाहिलं नाहीत. तरी फोटो स्टुडिओंसाठी जे पडदे रंगवायचात, त्यांतले निदान दहा कारंज्याचे असतील, सगळे बिस्किटांच्या एका विलायती डब्यावरच्या चित्रावरून. शेडच्या भिंतीवर दहा बाय आठचं मांजरपाट ताणलेलं, तुम्ही शिडीवर, आणि खाली मी, बावीस वर्षांचा. पॉलिटेक्निकला न जाता वाचनालयातल्या पुस्तकांवर ड्रॉइंग शिकलेला, त्यामुळे जरा जास्तच ताठ. त्या दिवशी जयसिंगपूरचे स्टुडिओवाले पडदा न्यायला आलेत. कारंज्याचं वरचं थाळं तुम्ही खालच्या अंगानं उजळ पिवळं केलंय, आणि मी त्यांच्यादेखत म्हणतो, "अप्पा, हे चुकलं. उजेड वरून येतो. थाळ्याच्या पोटाला सावलीच पाहिजे."

"सकाळचं ऊन आहे ते," तुम्ही म्हणालात. "विहिरीच्या काठाला उभा राहून बघ एकदा. ऊन पाण्यावर पडतं नि उलटं वर येतं."

"पुस्तकात तसं नाही."

स्टुडिओवाले हसले. "काय हो पेंटर, पोरगं तुमचं मास्तर झालं की! करा बाबा तो म्हणतो तसं, उद्या गिऱ्हाईक मला विचारायचं."

तुम्ही वाद घातला नाहीत. काळ्यात थोडा तांबडा मिसळून ते पोट बुजवलंत. पडदा गेल्यावर मला एवढंच म्हणालात, "कुंचले धुऊन ठेव." त्यानंतरच्या प्रत्येक पडद्यात थाळ्याखाली सावलीच होती. मी मोजून पाहत असे, आणि मला बरं वाटे.

इथे कॅनडात, ब्रॅम्पटनला मी किचन कॅबिनेटची ड्रॉइंग्ज करतो. कॉम्प्युटरवरचं ड्राफ्टिंगही कुणी शिकवलं नाही, बेसमेंटमध्ये बसून शिकलो. माझ्या कागदात एक अष्टमांश इंचाचीही चूक निघत नाही. ही नजर कुठून आली, असं कुणी विचारलं की मी त्या पडद्याची गोष्ट सांगतो. बापाची चूक बाविसाव्या वर्षी पकडली ती. मुलीला तर पाठ आहे.

जुलैत आम्ही तिघं क्वेबेक सिटीला गेलो. तिथे विधानसभेपुढच्या चौकात फ्रान्समधून आणून बसवलेलं जुनं कारंजं आहे. बरोक वळणाचं, पुतळ्यांनी भरलेलं. लांबून दगडी वाटतं, पण आहे बिडाचं. पहाटे मी बूट घालताना मुलगी पांघरुणातून म्हणाली, "बाबा, इट्स नॉट ईव्हन फाइव्ह! आजोबांना चेक करायला चाललायस ना?" बायको म्हणाली, "जाऊ दे गं. गेल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही."

चौकात फक्त एक झाडूवाला होता. सूर्य जुन्या तटाच्या बाजूनं वर आला. पहिल्यांदा पुतळ्यांची डोकी तांबूस झाली, मग खांदे. मग ऊन खालच्या हौदातल्या पाण्यावर आडवं पडलं, आणि वरच्या थाळ्याचं पोट खालून उजळलं. पिवळं, हलतं, तुमच्या पहिल्या हातासारखं. मी पूर्वेकडून पाहिलं, मग दक्षिणेकडून, मग हौदाच्या काठावर वाकून. बारा-तेरा मिनिटं ते तसंच होतं. मग ऊन चढलं आणि पोट काळं पडलं. पुस्तकातली दुपार असणार, हे मला तिथे कळलं. तुम्ही ते एका विहिरीवरून ओळखलं होतंत, आणि परक्या माणसापुढे मुलाला खोटं पाडायचं नाही म्हणून पुसलंत. की उद्याच्या गिऱ्हाइकाच्या धाकानं? ते मला ठरवता येत नाही.

हॉटेलवर नाश्त्याला मुलीनं विचारलं, "सो? हू वॉज राइट?"

मी टोस्टला लोणी लावत होतो. म्हणालो, "आभाळ आलं होतं गं. नीट दिसलंच नाही."

"ओह, टू बॅड," ती म्हणाली, आणि तिनं ज्यूस ओतून घेतला.

त्या सकाळी क्वेबेकवर एक ढग नव्हता, अप्पा. तिला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. हे कागदावर उतरवायला मी धजलो, ते बहुधा तेवढ्यामुळेच.